सातव्या रकान्यातला देश

मंगळवार, महिन्याची अठरा तारीख, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. स्थळ, तिसऱ्या मजल्यावरील एका आटोपशीर घरातले जेवणाचे टेबल. या वेळी आणि या स्थळी दप्तरदारांनी आपल्या पत्नीच्या प्रवास-परवान्याचा अर्ज भरावयास घेतला, आणि अकरा वाजायच्या आत त्यांच्या असे ध्यानात आले की, ज्या बाईबरोबर आपण एक्केचाळीस वर्षे संसार केला, ती जिथे जन्मली तो देशच अस्तित्वात नाही.

दप्तरदार हे त्यांचे आडनाव नव्हते. पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाचे दप्तर एकतीस वर्षे सांभाळून ते निवृत्त झाले होते, आणि इमारतीतल्या लोकांनी आडनाव विसरून कामच तेवढे लक्षात ठेवले होते. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आडनाव वडिलांकडून आयते मिळते, हे मात्र आपण स्वतः मिळवलेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि त्यांचे कोणतेही म्हणणे पूर्ण ऐकून घ्यायचे तर समोरच्याने निदान वीस मिनिटे मोकळी ठेवावी लागत. त्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. काकू कमी बोलत. एका घरात दिवसाकाठी जेवढे बोलणे मावते त्यातला मोठा वाटा आधीच उचलला गेला आहे, हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात ओळखले होते.

अर्जाचे कारण असे की, त्यांची एकुलती एक लेक परदेशी होती आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास बाळंत व्हायची होती. "आई, तू पोचायच्या आत बाळ आलं ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही," असे ती फोनवर म्हणाली होती, आणि काकूंनी त्या दिवसापासून बॅग भरून दाराशी ठेवली होती. परवाना-कार्यालय मात्र शनिवारपासून नव्या इमारतीत हलायचे होते. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर पुढचे पंधरा दिवस खिडकी बंद. साधा, बिनचूक अर्ज असेल तर मंजुरीचा शिक्का खिडकीवरच मिळे. "बिनचूक" हा शब्द वाचताच दप्तरदारांनी पेनाचे टोपण काढले होते. हा शब्द कार्यालयाने जणू त्यांच्यासाठीच छापला होता.

दोघांचा मिळून एकच कौटुंबिक अर्ज होता, प्रत्येकाला वेगळे पान. स्वतःचे पान त्यांनी नऊ मिनिटांत भरले. पत्नीच्या पानावर सातवा रकाना आला: जन्मदेशाचा तीन अक्षरी संकेत. आठवा रकाना: जन्मदाखल्याच्या भाषेचा तीन अक्षरी संकेत.

काकूंचे वडील यंत्रांच्या कारखान्यात होते, आणि कारखान्याने त्यांना दोन वर्षे चेकोस्लोव्हाकियात पाठवले असताना तिथल्या एका गावात काकूंचा जन्म झाला होता. दाखला स्लोव्हाक भाषेत होता. एक्केचाळीस वर्षांत या गोष्टीचा उपयोग फक्त एकदाच झाला होता: वरातीत सासरच्या बायकांनी "परदेशी पाटलीणबाई" म्हणून काकूंची भरपूर थट्टा केली होती.

"संकेत कुठून आणायचा?" असे दप्तरदार मोठ्याने म्हणाले, आणि ते नेमके त्यांच्या मेहुणीने ऐकले. काकूंची ही धाकटी बहीण शेजारच्या इमारतीत राहत असे आणि समुद्रमार्गे माल पाठवणाऱ्या एका कंपनीत पेट्यांवर कोणता देश लिहायचा, हे तपासण्याचे काम करी. ती चिरलेली भाजी घेऊन आली होती. भाजी तिने बहिणीकडे दिली आणि खुर्ची ओढून भाऊजींच्या संगणकापुढे बसली.

"सोपं आहे, भाऊजी. आम्ही रोज हेच करतो. आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्येक देशाला आणि प्रत्येक भाषेला संकेत दिलेला असतो. एक छोटा प्रोग्राम आहे, तो मी तुमच्याकडे बसवून देते. त्याला विचारायचं, तो सांगतो."

दहा मिनिटांत पडद्यावर एक काळी चौकट उघडली. तीत एक उभी रेघ तेवढी लुकलुकत होती.

"हे बिघडलंय," दप्तरदार म्हणाले. "यात काहीच नाही."

"काही नाही म्हणूनच तर बिघडत नाही. ही कमांड लाइन. इथे आधी प्रोग्रामचं नाव, मग मानकाचा क्रमांक, मग संकेत. एंटर."

तिने आपल्या देशाचा संकेत टंकला. एका ओळीत उत्तर आले: दोन अक्षरी संकेत, तीन अक्षरी संकेत, अंकी क्रमांक, नाव. त्यापुढे काही नाही. ना जाहिरात, ना चित्र, ना "आपल्याला हेही आवडेल". दप्तरदार खुर्चीत पुढे सरकले. विचारले तेवढेच सांगणारा कारकून आपल्याला आयुष्यभर मिळाला नाही, आणि तो असा निवृत्तीनंतर, भाजीच्या वेळी, घरात यावा, या विचाराने त्यांना भरून आले.

"आता आपली भाषा विचार," ते हळू आवाजात म्हणाले.

तीही आली. नावाआधी इंग्रजी 'एल' हे अक्षर होते.

"एल म्हणजे?"

"जिवंत. ज्या भाषा मेल्या त्यांच्यापुढे वेगळं अक्षर असतं."

दप्तरदारांनी चष्मा काढून पुसला. सबंध जगातल्या भाषांचे जन्म-मृत्यू दप्तर कोणीतरी ठेवत आहे, आणि आपल्याला हे एकतीस वर्षे कोणी कळवले नाही! "मृत्यूचा दाखला कोण देतं?" त्यांनी विचारले. मेहुणीला ते ठाऊक नव्हते. तिने विषय बदलावा म्हणून ताईचा जन्मदेश टंकला: सी-एस-के. आमच्या जुन्या पेट्यांवर हाच असायचा, ती म्हणाली.

काळ्या चौकटीने उत्तर दिले की, असा संकेत या मानकात नाही.

"पुन्हा टंक."

पुन्हा तेच. मग मेहुणीने मानकाचा क्रमांक बदलला. रद्द झालेल्या देशांची एक वेगळी यादी असते, ती म्हणाली. तिथे तो सापडला. नाव, संकेत, आणि शेजारी रद्द झाल्याची तारीख: १९९३ सालचा जून महिना.

दप्तरदार कितीतरी वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या पत्नीकडे पाहिले; जणू तिच्यावरही कुठेतरी तारखेचा शिक्का दिसेल.

"अगं, तू जन्मलीस तो देश रद्द झालाय."

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "पेपरात आलं होतं."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही तेव्हा पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत होतात."

मेहुणी हसू दाबत म्हणाली, "त्यात काय एवढं भाऊजी? ताईचं गाव आता स्लोव्हाकियात आहे. एस-व्ही-के लिहा आणि मोकळे व्हा."

यावर दप्तरदारांनी जे भाषण केले त्याचा गोषवारा असा: माणूस एकदाच जन्मतो. तो ज्या क्षणी जन्मतो त्या क्षणी तिथे जो देश असतो, तो त्याचा जन्मदेश. काकू जन्मल्या त्या १९५८ साली एस-व्ही-के नावाचा देश या मानकात नव्हता, कारण मानकच नव्हते, आणि मानक असते तरी तो त्यात नसता. नसलेल्या देशात एखादी व्यक्ती जन्मली असे लिहिणे म्हणजे खोटी नोंद. आपण एकतीस वर्षांत एकही खोटी नोंद केली नाही, आणि पहिली नोंद स्वतःच्या बायकोची करणार नाही.

"मग जो देश आता नाही त्यात जन्मले असं लिहिलेलं चालेल?" काकूंनी विचारले.

"तो तेव्हा होता!"

"बरं," काकू म्हणाल्या, आणि भाजी फोडणीला टाकली.

कागदावर लिहिलेले आधी कार्यालयाच्या संकेतस्थळावर भरावे लागे. तिथे दप्तरदारांनी सातव्या रकान्यात सी-एस-के भरले. संकेतस्थळाने तो रकाना लाल केला आणि खाली लिहिले: अवैध. त्यांनी पुन्हा भरले, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा भरताना त्यांनी प्रत्येक कळ इतक्या निश्चयाने दाबली की काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, तो बहिरा नाहीये."

बातमी जिन्यातून खाली आणि वर दोन्हीकडे गेली. तळमजल्यावरचे वकील संध्याकाळी चहाला आले. त्यांना हा खटला फारच आवडला. "आधी प्रतिज्ञापत्र करा," ते म्हणाले, "की अर्जदार ही जन्मलेली आहे."

"ती जन्मलेली आहे याबद्दल वाद नाही, वकीलसाहेब."

"वाद नसतो तोवरच प्रतिज्ञापत्र करून ठेवायचं असतं. वाद सुरू झाला की उशीर झालेला असतो."

चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे हेडबाई म्हणत, त्यांचा मार्ग निराळा होता. "मी असते तर 'लागू नाही' लिहिलं असतं."

"जन्म लागू नाही?"

"तीन अक्षरांत काही बसतच नसेल तर आणखी काय लिहिणार? मी माझ्या शाळेत बापाचं नाव नसलेल्या मुलांचे फॉर्म असेच भरलेत. मुलं शिकली, मोठी झाली. तुमच्यासारखा माणूस दाराशी बसला असता तर निम्मी अजून पायरीवर असती."

हे बोलणे दप्तरदारांच्या वर्मी लागले. आपण लोकांना अडवणारे नव्हतो, नोंदीचे राखणदार होतो, हा फरक त्यांनी हेडबाईंना समजावून सांगितला. तो पूर्ण व्हायच्या आत हेडबाई आपल्या घरी पोचून जेवायलाही बसल्या होत्या.

बुधवारी सकाळी ते कार्यालयात गेले. चौथ्या खिडकीवर जे गृहस्थ बसत त्यांचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. रांगेतले सगळे त्यांना चार नंबर म्हणत. चार नंबर मान वर करत नसत. समोरून हात येई, त्या हातातल्या कागदाशी ते बोलत.

"संगणक घेत नाही? मग बरोबर नसेल."

"संगणक चुकतोय," दप्तरदार म्हणाले.

चार नंबरांनी मान वर केली. रांगेतल्या एका बाईंनी नंतर सांगितले की, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. त्या माणसाला डोळे होते, आणि ते दप्तरदारांवर खिळले होते.

"तुम्ही कुठे होतात?"

"जन्म-मृत्यू. एकतीस वर्षं."

"वाटलंच." चार नंबर पुन्हा कागदाकडे वळले. "लेखी द्या. कागदी अर्ज घेतो. संकेताचा पुरावा, भाषेचा पुरावा. प्रत्येक पानावर सही. शुक्रवारी पाचच्या आत."

दप्तरदार घरी आले ते पाच वर्षांनी लहान होऊन. पुरावा, परिशिष्ट, प्रत्येक पानावर सही: ही भाषा त्यांना येत होती. मेहुणीने प्रोग्राम कसा चालवायचा ते त्यांच्या वहीत लिहून दिले, शिवाय उत्तर थेट छापखान्यात, म्हणजे लेक जाताना ठेवून गेलेल्या प्रिंटरकडे, कसे पाठवायचे तेही. "फक्त एक लक्षात ठेवा, भाऊजी," ती चपला घालताना म्हणाली, "संकेत टंकायला विसरू नका." असे सांगणे दप्तरदारांना अपमानास्पद वाटले. आपण काही विसरतो असे त्यांनी कधी कोणाकडून ऐकून घेतले नव्हते.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता देशाचा पुरावा छापून झाला. एक पान, त्यावर एक ओळ. त्यांनी ती प्रकाशात धरून दोनदा वाचली. इतका नेटका दाखला त्यांच्या विभागातून कधी बाहेर पडला नव्हता.

मग भाषा. प्रोग्रामचे नाव टंकले, मानकाचा क्रमांक टंकला, प्रिंटरकडे पाठवण्याचे शब्द टंकले. संकेत मधे कुठे घालायचा ते वहीत पाहण्यासाठी ते वळले, तोच काकूंनी आतून विचारले, "अहो, तुमचा काळा कोट इस्त्रीला टाकू का? तिकडे थंडी असेल." दप्तरदारांनी यावर, कोट आणि हवामान यांचा संबंध कसा लावू नये, याविषयी थोडे विवेचन केले, परत वळले, आणि एंटर दाबले.

प्रिंटर घरघरला. पहिले पान बाहेर आले. त्यावर वरपासून खालपर्यंत ओळी होत्या: ए-ए-ए, घोटुओ, जिवंत. पुढची कोणती तरी भाषा, जिवंत. त्या खालची, जिवंत. दप्तरदारांना वाटले, प्रस्तावना असेल. दुसरे पान आले. तिसरे आले. सहाव्या पानावर एक मृत भाषा होती. दहाव्यावर ते उभे राहिले.

झाले होते ते असे की, हा प्रोग्राम खरोखरच विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देत असे. कोणती भाषा, हे दप्तरदारांनी सांगितले नव्हते. मग त्याने सगळ्या सांगितल्या. मानकात त्या जवळजवळ आठ हजार आहेत.

काकू हातातला कोट घेऊन दारात आल्या. "अहो, त्याचा प्लग काढा ना!"

इथे दप्तरदारांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय झाला, आणि तो त्यांनी क्षणार्धात घेतला. "अर्धवट छापलेला दस्तऐवज बाद असतो," ते म्हणाले. "छपाई सुरू झालेली नोंद मधे तोडायची नसते. आपल्याला हव्या त्या भाषेची ओळ यात आहेच. संपूर्ण यादी जोडली तर पुरावा अधिकच भक्कम होईल."

"तुम्हाला एका ओळीचा पुरावा हवाय!"

"एक ओळ कोणीही खरडू शकतो. सगळं जग कोण खरडणार?"

चाळिसाव्या पानाला कागद संपला. इकडे यंत्र मागे हटेना, तिकडे दप्तरदारही हटेनात. त्यांनी वकिलांकडून कागद आणला. तो लांबीने जास्त होता, त्यामुळे पुढच्या साठ पानांच्या तळाशी कोरी पट्टी राहिली. तोही संपला. तेव्हा हेडबाईंनी जुन्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका दिल्या, एका बाजूला छापलेल्या. अशा रीतीने स्लोव्हाक भाषा, जिवंत, एकशे नवव्या पानावर, 'खालीलपैकी कोणतेही पाच प्रश्न सोडवा' या ओळीच्या पाठीमागे अवतरली. छपाई थांबली तेव्हा एकशे चव्वेचाळीस पाने झाली होती आणि शाईचा वास थेट जिन्यापर्यंत पोचला होता.

मग दप्तरदार सह्या करायला बसले. प्रत्येक पानावर, उजव्या कोपऱ्यात, पूर्ण सही, दिनांकासह. संक्षिप्त सही चालली असती. पण ती सही आहे की चुकून लागलेला पेन, असा वाद निघू शकतो, आणि असे वाद त्यांनी स्वतः अनेकदा काढलेले होते. साठाव्या पानाला बोटे आखडली. काकूंनी गरम पाण्याचे भांडे आणून ठेवले. मेहुणी आली, ढीग पाहिला आणि वरचे पान वाचले.

"भाऊजी," ती म्हणाली, "आमच्या कंपनीत बावीस वर्षांत हे कोणी छापलेलं नाही."

दप्तरदार ही प्रशंसा आहे असे धरून चालले.

शुक्रवारी अडीच वाजता दोघे चौथ्या खिडकीसमोर उभे राहिले. दप्तरदारांनी काळा कोट घातला होता. फाइल कापडी पिशवीत होती, कारण दुसऱ्या कशात ती मावेना. त्यांनी ती खिडकीच्या फटीतून सरकवण्याचा प्रयत्न केला. ती आत जाईना, तेव्हा चार नंबरांना उठून बाजूचा दरवाजा उघडावा लागला. चार नंबर उठू शकतात हेही रांगेला नवे होते.

त्यांनी पाने चाळली. वकिलांची लांब पाने चाळली, उत्तरपत्रिका चाळल्या, उलटून प्रश्नही वाचले. मग प्रत्येक सही तपासली. एकही सुटली नव्हती. दप्तरदारांच्या चेहऱ्यावर, परीक्षेत पहिला आलेला मुलगा निकालाच्या वेळी तोंड जसे गंभीर ठेवतो तशी गंभीरता होती. चार नंबरांनी आवक नोंदवही उघडली, नोंद केली, शिक्का मारला.

"झालं?" काकूंनी विचारले.

"घेतलं," चार नंबर म्हणाले. "शंभर पानांच्या वरची फाइल विशेष छाननीला जाते. एकवीस दिवस."

दप्तरदारांना वाटले, आपण चुकीचे ऐकले. एकवीस दिवस म्हणजे पुढच्या महिन्याची बारा. लेकीची तारीख पाच. त्यांनी मनात पुन्हा मोजले, आणि आयुष्यात प्रथमच आपला हिशेब चुकावा अशी इच्छा केली. तो चुकला नव्हता.

काकू त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी फटीतून हात घालून आपले एकच पान फाइलच्या वरून ओढून घेतले, ते उलटे केले, आणि चष्मा नाकावर ठेवून मागचा बारीक मजकूर वाचू लागल्या. मग त्यांनी खिडकीवर बोट टेकवले.

"हे काय लिहिलंय, बघता का? सूचना नऊ."

चार नंबरांनी वाचून दाखवले, कंटाळलेल्या आवाजात, कारण ते त्यांना पाठ होते: "जन्मस्थान आज ज्या देशात असेल त्या देशाचा संकेत लिहावा. पूर्वीच्या देशाचा लिहू नये."

दप्तरदारांनी पान हातात घेतले. सूचना नऊ तिथेच होती, स्वच्छ छापलेली. हे पान चार दिवस त्यांच्या टेबलावर पडले होते. त्यांनी ते एकदाही उलटले नव्हते. सातव्या रकान्याने दुखावलेला माणूस पुढे आठव्यापर्यंत कसाबसा गेला; पाठीमागे जाण्याची सवड त्याला मिळालीच नव्हती. लोकांनी अर्जाच्या मागची सूचना वाचली नाही म्हणून त्यांनी किती अर्ज परत केले असतील याची गणतीच नव्हती.

"मी," ते म्हणू लागले.

"ते नंतर," काकू म्हणाल्या. एवढ्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "माझी लेक तिथे एकटी आहे. मला पाच तारखेच्या आत पोचायचंय. मला नवा अर्ज करता येईल का नाही, एवढं सांगा."

चार नंबरांनी घड्याळ पाहिले, मग नोंदवही. "तुमचा एकपानी आहे. वेगळा काढता येतो. मागे घेतल्याचं दोन ओळींत लिहून द्या, नवा भरा."

नवे पान मिळायला पंचेचाळीस मिनिटे गेली, कारण कोरे फॉर्म नव्या इमारतीत जाणाऱ्या खोक्यात बांधले गेले होते आणि ते खोके इतर अकरा खोक्यांच्या खाली होते. शिपायाने ती काढली तेव्हा दप्तरदारांनी कोट काढून त्याला हातभार लावला. चार नंबर हे पाहत राहिले. पेन मिळाले, टेबल मिळाले. चष्म्याच्या काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली होती.

"आण इकडे," दप्तरदार म्हणाले.

"तुम्ही लिहिणार?"

"माझं अक्षर बरं आहे."

सहा रकाने त्यांनी भरभर भरले. सातव्याशी पेन थांबले. खिडकीवरचे घड्याळ चार वाजून सव्वीस मिनिटे दाखवत होते. दप्तरदारांनी एकतीस वर्षांतली आपल्या हातची पहिली खोटी नोंद, निदान त्यांच्या मताप्रमाणे तरी, अत्यंत सुवाच्य अक्षरांत केली: एस-व्ही-के. आठव्यात भाषा. मग पान उलटून त्यांनी पहिल्या सूचनेपासून चौदाव्यापर्यंत सगळ्या वाचल्या, ओठ हलवत, आणि नंतरच काकूंना सहीसाठी दिले.

चार नंबरांनी अर्ज घेतला. या खेपेला एक पान होते; ते फटीतून सहज आत गेले. त्यांनी संगणकात भरले. सातवा रकाना हिरवा झाला. शिक्का बसला. काकूंनी तो कागद दोन्ही हातांनी धरला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच भर कार्यालयात, लोकांच्या देखत, नवऱ्याच्या खांद्यावर डोके टेकले. दप्तरदार ताठ उभे राहिले. मग त्यांनीही हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला.

"माझाही," ते म्हणाले, "माझं पान तर आधीच बरोबर भरलेलं आहे. तेही वेगळं काढून घ्या. परिशिष्ट आम्ही परत नेतो."

चार नंबरांनी आवक नोंदवही त्यांच्याकडे फिरवली आणि बोट ठेवले. परिशिष्टाच्या एकशे चव्वेचाळीस पानांवर सही कोणाची, तोच ते सादर करणारा. आणि सादर केलेले परिशिष्ट सादर करणाऱ्याच्या अर्जाला जोडलेले असते. नोंद झाली होती. नोंदीवर शिक्का होता. दप्तरदारांनी ती नोंद वाचली, आणि तीत एकही चूक सापडली नाही.

"पण मी आजोबा होणार आहे," ते म्हणाले.

चार नंबरांनी पुन्हा मान वर केली. त्यांनी आधी काकूंकडे पाहिले, मग दप्तरदारांकडे, आणि खिडकीचे दार खाली ओढण्यासाठी हात वर नेला.

"बाई जातील," ते म्हणाले. "तुम्ही थांबा."